सीताराममामांच्या शेजारी लावलेलं चित्र

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, प्रयोगशाळेत इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळकांच्या कानात पापं सांगायची रीत नाही. ज्याचं त्यानं देवाशी बोलायचं. बोलले आहे मी देवाशी. पण खरं सांगू? देवाशी बोलणं सोपं असतं. तो मध्येच थांबवून ‘मग पुढं काय केलंस?’ असं विचारत नाही. तुम्ही विचाराल — म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आणि आधीच एक सांगून ठेवते. मी काही कुढणारी बाई नाही. मला झोप छान लागते. जेवण जातं. कामात मन रमतं. हे ऐकून तुम्हाला माझा राग येईल का? येऊ दे. कबुली द्यायची तर हीसुद्धा द्यायला हवी.

मी मूळची नगरची. वडील शाळेत मास्तर होते. आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत असते. माझं काम थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणसाच्या आजारी अवयवाचा एक इवलासा तुकडा घ्यायचा. त्याची केसाहून कितीतरी पातळ चकती कापून काचेवर ठेवायची. मग तिच्यावर अशी प्रथिनं सोडायची, की जी ठरावीक पेशींनाच जाऊन चिकटतात. आणि प्रत्येक प्रकारच्या प्रथिनाला निराळा दुर्मीळ धातू बांधलेला असतो. मग ती काच यंत्रात जाते. लेझर त्या चकतीचा एकेक ठिपका जाळतो, यंत्र त्याची वाफ आत ओढून घेतं आणि सांगतं — या ठिपक्यात हा धातू होता, त्या ठिपक्यात तो. संगणक सगळे ठिपके पुन्हा जुळवतो आणि पडद्यावर चित्र उभं राहतं. ही किडनीची गाळणी, ही नळी, ही रोगाशी लढायला आलेली पेशी. आणि मुख्य म्हणजे कोण कोणाच्या शेजारी बसलंय. आजार पुष्कळदा शेजारावरूनच कळतो. रंग आम्ही देतो, निळा, लाल, पिवळा, हवा तो. फार देखणं दिसतं ते.

फक्त एक गोष्ट आहे. हे यंत्र जे बघतं, ते जाळूनच बघतं. एकदा वाचलेला तुकडा पुन्हा वाचता येत नाही.

उन्हातान्हात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या का बिघडतात, हा आमचा अभ्यास होता. नगरच्या एका दवाखान्यात पेशंटच्या किडनीतून तपासणीसाठी सुईनं तुकडा काढत, आणि तपासणी होऊन त्यातलं जे उरेल ते, पेशंटची परवानगी असेल तर, आमच्याकडे येई. परवानगी विचारायला मला पाठवायचे, कारण मी तिकडचीच. बोली कळते, माणसं बोलतात माझ्याशी.

तिथंच, दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर, सीताराममामा भेटले. सोबत कौसामावशी. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावचे. अर्धं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. दोघं मिळून एक कोयता — तिकडं जोडप्याला असंच मोजतात. ऊसतोडीपायी दर वर्षी घर बंद करून साखर कारखान्याच्या वाटेला लागायचं, आणि तोड संपली की परत यायचं. मामांच्या पायाला सूज होती, चेहरा पिवळट पडलेला. पण बोलायची हौस दांडगी. मी जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली.

“म्हंजी जमिनीची मोजनी करत्यात तसंच की,” ते म्हणाले. “कोन कोनाच्या बांधाला लागून हाय ते बघायचं.”

मी हसले. म्हटलं, अगदी तसंच.

“मंग मला दावशील का माझा नकाशा? डाक्टर लोक कागद बघत्यात आन् आपसात बोलत्यात. मला कुनी कायबी दावत न्हाई.”

“दाखवीन मामा,” मी म्हणाले. “नक्की दाखवीन.”

मावशीनं माझं नाव विचारलं. रूथ, मी म्हणाले. त्यांनी ते तोंडात घोळवून बघितलं आणि लगेच ‘रूतबाई’ करून टाकलं. आजही मी त्या घरात रूतबाईच आहे.

आता मी मुद्द्याकडे येते आहे — येते आहे, पण पाय जड झालेत.

मामांच्या तुकड्यातलं फार थोडं उरलं होतं. दवाखान्याच्या तपासणीतच बहुतेक संपलेलं. आमच्या वाट्याला एकच काच आली. नाताळ जवळ आला होता, मला नगरला घरी जायचं होतं, एसटीचं आरक्षण केलेलं होतं. मी काच यंत्रात ठेवली आणि चालू करून निघाले. आदल्या नमुन्यासाठी लेझरची ताकद वाढवून ठेवली होती. ती कमी करायची राहिली. म्हणजे — मी केली नाही. ‘राहिली’ म्हणायची सवय लागली आहे बघा.

सुट्टीहून परत आले, तर पडद्यावर चित्र नव्हतं. नुसते ओरखडे. चकतीचे तुकडे उडून गेलेले, काच स्वच्छ. मामांचं त्यात काहीच उरलं नव्हतं.

आमच्या प्रमुख मॅडमना मी सांगितलं की धुताना तुकडा काचेवरून निघून गेला. असं पुष्कळदा होतं, कुणाचा दोष नसतो. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या. एवढं सोपं होतं ते. तुम्हाला वाटेल, हीच ती चूक. नाही. ही चूक मी विसरूनही गेले असते.

पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. डायलिसिससाठी गावाहून नगरला जीपनं यायचं, दिवसभर पडून राहायचं, पुन्हा जीपनं परत — त्यांनीच एक दिवस सांगितलं, आता मला घरी राहू दे. मावशीनं ऐकलं. त्यांचा मुलगा विकास तेव्हा चाकणला एका कंपनीत होता. त्याला यायला उशीर झाला. वडील बोलायचे बंद झाल्यावर तो पोहोचला.

मी भेटायला गेले, तेव्हा ओसरीवर बायका बसल्या होत्या. मावशी रडत नव्हत्या. त्यांनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “ह्या रूतबाईकडं त्यांच्या किडनीचा फोटू हाय. जाताना सुदिक म्हनत हुते, त्या पोरीनं फोटू दावायचं कबूल केलंय.”

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

काय अवघड होतं हो? ‘मावशी, माझ्या हातून तो खराब झाला.’ एवढंच तर म्हणायचं होतं. त्या काय मला मारणार होत्या? घरात माणूस गेलेलं, त्यात एका फोटोचं काय! पण माझ्या तोंडून निघालं, “छापून आणते मावशी. मोठा करून आणते.”

मोठा करून! न मागता वर हेही बोलले.

पुण्याला आल्यावर मी संगणकावरची चित्रं उघडून बसले. मामांच्यासारख्याच आजारी किडन्यांची चित्रं होती. त्यातलं एखादं दिलं असतं तरी निदान आजार तरी खरा दिसला असता. पण ती चित्रं बघवत नाहीत. गाळण्या आक्रसलेल्या, जिथं तिथं लढाईला आलेल्या पेशींची दाटी, मधे वण. तसलं भिंतीवर कोण लावतं? मग मी दुसरं उघडलं. तुलनेसाठी आम्ही काही निरोगी तुकडेही ठेवतो. गाठ झाली म्हणून काढलेली कुणाची तरी किडनी, तिच्या चांगल्या भागातला तो तुकडा. ते चित्र मला पहिल्यापासून आवडायचं. गोल, भरलेल्या गाळण्या, भोवती नळ्यांची नीट मांडणी, पाणी दिलेल्या वाफ्यांसारखी. मी रंग आणखी जरा खुलवले. निळ्यात थोडं सोनेरी टाकलं. चांगल्या कागदावर छापून घेतलं.

ते चित्र सीताराममामांचं नाही. ते कुणाचं आहे हे मलाही माहीत नाही. मी ते मावशीच्या हातात दिलं आणि म्हटलं, “हे आपले मामा.”

झालं. सांगून टाकलं. पण थांबा — हेही सगळ्यात वाईट नाही.

मावशीनं त्या चित्राला पाथर्डीला नेऊन चौकट बसवून घेतली. मामांच्या फोटोला चंदनाचा हार आहे. त्याच्या शेजारीच ते लावलं. आलेल्या गेलेल्याला त्या दाखवायच्या. निळं म्हणजे त्यांचा शांत स्वभाव, लाल ठिपके म्हणजे राग — “बघा, राग लई थोडा” — असं स्वतःच ठरवून टाकलेलं. मी वर्षातून दोन-तीनदा जायला लागले. आधी अपराधी वाटायचं म्हणून गेले, हे खरं. पण नंतर मला तिथं जायला आवडायला लागलं. हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, अंगणातल्या लिंबाखालची बाज. मावशी आता तोडीला जात नव्हत्या. दोन शेळ्या, थोडी जमीन, आणि गावभरच्या गप्पा. त्या मला माझ्या कामाचं विचारायच्या, आणि मी सांगायचे. माझं काम इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी नाही, आजही नाही. मी त्या घरात सुखी असते. चित्राकडे बघायचं नाही म्हणून सुरुवातीला मी पाठ करून बसायचे. मग तीही गरज राहिली नाही. माणूस कशाला सरावत नाही?

विकास चाकणची नोकरी सोडून गावी आला. लग्न झालं. जीप घेतली, पाथर्डी ते नगर चालवायला लागला. वडील गेले तेव्हा आपण नव्हतो, हे त्याच्या मनात होतं, पण बोलून दाखवत नव्हता.

मग त्यांच्याकडे एक नवीन सरकारी डॉक्टर चहाला आला. गावात कसलंसं शिबिर होतं. मावशीनं नेहमीसारखं कौतुकानं चित्र दाखवलं. तो तरुण पोरगा, हुशार असणार. जवळ जाऊन निरखून बघितलं आणि सहज बोलला — ही तर चांगली दिसतेय किडनी.

एवढंच. चहा पिऊन तो गेला. विकास दारात उभा होता.

पुढचं मला मावशीच्या फोनवरून कळलं. किडनी चांगली होती तर डायलिसिस का थांबवलं? घरी का आणलं? तू सोडून दिलंस आबांना. असं विकास आईला बोलला. वर्षानुवर्षं जे पोटात होतं त्याला आता पुरावा मिळाला होता. पुरावा कुणी पुरवला? मी. निळ्यात सोनेरी टाकून, चांगल्या कागदावर छापून. तो बायकोला घेऊन पाथर्डीत खोली करून राहायला गेला. आईशी बोलणं बंद. मावशी फोनवर फार काही म्हणाल्या नाहीत. “रूतबाई, येऊन जा गं. तुला त्यातलं कळतं,” एवढंच.

मी गेले. बसमध्ये बसल्याबसल्या मी ठरवलं होतं, आता सांगायचं. खरंच ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवले होते. मावशीनं निरोप धाडून विकासला बोलावून घेतलं. तो आला, पण आत आला नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मावशी आत चुलीपाशी, पाठमोऱ्या.

विकासनं मला विचारलं, “ताई, खरं सांगा. ह्यो फोटू आबांचाच हाय ना?”

आता बघा. नीट बघा, कारण मीही अजून ते नीट बघते आहे. त्या क्षणी खरं बोलणं हाच सगळ्यात सरळ उपाय होता. ‘नाही, विकास, हे तुझ्या आबांचं नाही, हे कुण्या परक्या निरोगी माणसाचं आहे’ — एवढ्या एका वाक्यानं त्याची आई निर्दोष ठरली असती. लगेच. कुणाला काही समजवावं लागलं नसतं. त्या खऱ्यानं त्या घरात कुणाचंच काही वाईट होणार नव्हतं. फक्त माझं झालं असतं. फक्त रूतबाईचं.

मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “हो. त्यांचाच आहे.”

आणि मग मी शास्त्र सांगितलं. किती छान सांगितलं! किडनीचा आजार सगळीकडे सारखा पसरत नाही, मधे मधे काही जागा शेवटपर्यंत चांगल्या राहतात, सुई नेमकी अशा जागी लागली असणार. एका वाफ्यात हिरवं दिसलं म्हणून सगळं रान हिरवं नसतं. दवाखान्याच्या तपासणीत किडनी संपल्याचं स्पष्ट आलं होतं, आई काय करणार होती? यातलं बहुतेक सगळं खरं होतं. आजार सारखा पसरत नाही, हे खरं. तपासणीत संपल्याचं आलं होतं, हेही खरं. माझं खोटं अशा खऱ्या गोष्टींच्या मधोमध बसलं होतं. ओळखायचं कुणी?

विकासनं आत चुलीकडं बघितलं. मग चपला काढून आत आला. आईपाशी जाऊन बसला. मावशी भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या.

“बस. गरम हाय, खाऊन घे,” त्या म्हणाल्या.

तो जेवला. मी पण जेवले. आठवड्याभरानं तो बायकोला घेऊन घरी परत राहायला आला. मावशीनं फोनवर मला आशीर्वाद दिले — तुझ्यामुळं माझं घर सांधलं म्हणाल्या. मी ‘असू दे मावशी’ म्हणाले. लाजून म्हणाले. चांगलं काम केल्यावर माणसं लाजतात तशी.

मी भित्री आहे, हे त्या दिवशी मला पक्कं कळलं. मावशीला दुखवायचं नव्हतं, विकासला दुखवायचं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं आहे. चालत नाही ते. मला तिथली माझी जागा सोडायची नव्हती. लिंबाखालची बाज, ते शेंगोळे, माझं काम ऐकणारे ते दोन कान — ते मला हवे होते. त्यासाठी मी एका आईला तिच्या मुलासमोर खऱ्यानं नाही, खोट्यानं सोडवलं. उद्या दुसरा कुणी डॉक्टर चहाला आला, तर त्या खोट्याचं काय होईल, याचा विचारही केला नाही.

आणि जाता जाता हेही. ज्याची ती किडनी आहे, त्या माणसाच्या घरच्यांना ठाऊकही नाही, की पाथर्डी तालुक्यात एका भिंतीवर तिला दर सणाला हळदकुंकू लागतं. आणि ज्यांनी माझ्याकडे हौसेनं आपला नकाशा मागितला होता, त्या मामांचा नकाशा कुठंच नाही. त्यांना शेवटपर्यंत कुणी काही दाखवलं नाही. मीही नाही.

या वर्षी विकासला मुलगी झाली. त्याला बहीण नाही. बारशाला आत्या हवी, पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव तिनंच सांगायचं. मी नगरला माहेरी आले होते, तर विकास स्वतः जीप घेऊन तिथं आला, माझ्या आईच्या पाया पडला आणि म्हणाला, “ताई, आत्या तुमीच. दुसरं कोन हाय आमाला?”

मी नाही म्हणू शकले असते. निमित्तं शंभर होती. मी हिरवी साडी नेसले, बाळाला वाळे घेतले आणि गेले. घर बायकांनी भरलेलं. मावशी सगळ्यांना सांगत होत्या, ही आमची रूतबाई, हिनंच आमच्या म्हाताऱ्याचा फोटू आतून काढला. मी हसले. मान खाली घालून नाही — चांगली हसले. मग पाळण्यावर वाकले, कुर्रर्र केलं आणि बाळाच्या कानात सांगितलं, समृद्धी. सगळ्या बायकांनी हसत हसत माझ्या पाठीत धपाटे घातले, आत्याला घालतात तसे. बाळ दचकून रडायला लागलं. मावशीनं त्याला उचललं आणि माझ्या मांडीवर दिलं, आणि ते थोड्या वेळानं माझ्या मांडीवर झोपून गेलं.

मला त्या दिवशी लाज वाटली नाही. फार आनंद झाला.